आईची हिपॅटायटिस सी चाचणी ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ आली: सरकारी रुग्णालयांतील प्रमाण, लागणीची कारणे आणि पुढची वाट

आपण लिहिलेली हकिगत थोडक्यात अशी आहे. आपल्या आईचे वय ६३ आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना शासकीय रुग्णालयात नेले, तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वीच्या रक्ततपासणीत हिपॅटायटिस सी (विषाणूमुळे होणारा यकृताचा दाह) ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ आले, केस पेपरवर लाल शाईने तसा शेरा पडला आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. आईला कसलेही व्यसन नाही आणि कावीळ कधी झालेली नाही. १९९६ मध्ये गर्भपिशवी काढताना रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या होत्या, एवढीच आठवण आहे. घरात त्यांचे ताट आणि पेला वेगळा काढला गेला आहे. हा आजार आला कुठून, सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या लोकांत तो इतका पसरला आहे का, घरातल्या सर्वांच्या तपासण्या कराव्यात का आणि तो बरा होतो का, असे आपले प्रश्न आहेत.

सर्वांत आधी दोन गोष्टी सांगतो, कारण त्या आजच कळणे आवश्यक आहे. ताट आणि पेला पुन्हा एकत्र ठेवा. हा विषाणू अन्नातून, पाण्यातून, उष्ट्यातून किंवा स्पर्शातून पसरत नाही. दुसरे म्हणजे ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ हा शब्द निदान नव्हे, ती पुढच्या तपासणीची सूचना आहे. मी सव्वीस वर्षे सार्वजनिक रुग्णालयांच्या मेडिसिन विभागांत काम करतो आहे, आणि या एका शब्दाने घाबरलेली, एकमेकांकडे संशयाने पाहू लागलेली कुटुंबे मी इतकी पाहिली आहेत की बाकी सगळे उत्तर या शब्दाच्या अर्थापासूनच सुरू करावे असे मला वाटते.

शस्त्रक्रियेपूर्वी केली जाणारी झटपट चाचणी रक्तातला विषाणू शोधत नाही. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे ती शोधते. हिपॅटायटिस सी झालेल्यांपैकी सुमारे १५ ते ४५ टक्के लोकांच्या शरीरातून हा विषाणू पहिल्या सहा महिन्यांत आपोआप नाहीसा होतो, मात्र प्रतिपिंडे अनेक वर्षे, बहुधा जन्मभर, रक्तात राहतात. म्हणजे ज्यांना हा आजार एकेकाळी होऊन गेला आणि आता नाही, त्यांचीही चाचणी रिअ‍ॅक्टिव्हच येते. त्याशिवाय काही जणांची चाचणी मुळात चुकून रिअ‍ॅक्टिव्ह येते, आणि हा भाग डॉक्टरही पुष्कळदा समजावून सांगत नाहीत.

एक हिशेब करून पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत गोळा झालेल्या रक्तनमुन्यांवरून देशातले हिपॅटायटिस सी प्रतिपिंडांचे प्रमाण ०.३२ टक्के निघाले आहे. याचा अर्थ दहा हजार सर्वसाधारण माणसांत सुमारे ३२ जणांच्या रक्तात खरी प्रतिपिंडे आहेत. समजा चाचणी इतकी चांगली आहे की निरोगी हजार माणसांपैकी ९९५ जणांना ती बिनचूक ‘नाही’ म्हणते. तरीही उरलेल्या ९,९६८ माणसांपैकी सुमारे ५० जणांना ती चुकून ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ ठरवेल. एकूण ८२ जणांच्या कागदावर लाल शेरा पडेल आणि त्यातले ५० शेरे निराधार असतील. तीच चाचणी ज्या डायलिसिस विभागात दहा टक्के रुग्णांना लागण आहे तिथे हजार जणांवर केली, तर शंभर खऱ्या लागणींमागे केवळ चार-पाच शेरे चुकीचे पडतील. चाचणी दोन्हीकडे एकच आहे, अर्थ मात्र ती कोणावर केली यावरून बदलतो. म्हणूनच आपल्या आईच्या बाबतीत रक्ताच्या त्या दोन बाटल्यांचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे हा निकाल खरा असण्याची शक्यता बरीच वाढते. खात्री मात्र आर.एन.ए. चाचणीनेच होईल, जिला आपल्याकडे सरसकट ‘व्हायरल लोड’ म्हणतात. ती विषाणूच मोजते. विषाणू सापडला तर आजार चालू आहे. सापडला नाही तर सहसा एवढ्यावरच विषय मिटतो; लागण अगदी अलीकडची असण्याचा संशय असेल तरच ती काही महिन्यांनी पुन्हा करतात.

आता सरकारी दवाखान्यांतल्या प्रमाणाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे ५ कोटी आणि भारतात सुमारे ५५ लाख लोक या विषाणूसह जगत होते. देशाची सरासरी लहान दिसते, पण ती सगळीकडे सारखी नाही. पंजाबमध्ये २०१३-१४ च्या सुमारास घरोघरी जाऊन घेतलेल्या नमुन्यांत प्रतिपिंडांचे प्रमाण ३.६ टक्के आणि प्रत्यक्ष विषाणूचे २.६ टक्के आढळले, म्हणजे राष्ट्रीय सरासरीच्या सुमारे अकरा पट. एकाच राज्यात शेजारच्या दोन तालुक्यांतही मोठा फरक असू शकतो, कारण हा विषाणू हवेने किंवा पाण्याने पसरत नाही. एखाद्या गावातला एखादा दवाखाना, एखादी रक्तपेढी किंवा नशेसाठी एकच सुई वाटून वापरणारा एखादा गट, अशा वाटांनी तो गुच्छागुच्छाने पसरतो.

रुग्णालयात मोजलेले प्रमाण आणि लोकवस्तीतले प्रमाण यांत गल्लत करू नये, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. बाह्यरुग्ण विभागात येणारा माणूस हा गावाचा सरासरी प्रतिनिधी नसतो. तो आजारी असतो, वयाने अधिक असतो, त्याने आधी अनेक ठिकाणी उपचार घेतलेले असतात आणि खासगी तपासण्यांचा खर्च झेपत नाही म्हणून तो शासकीय रुग्णालयात आलेला असतो. त्यातही मोजणी कोणत्या दारात केली यावर आकडा ठरतो. शस्त्रक्रियेपूर्वी सर्वांची तपासणी होते तिथला आकडा लोकवस्तीच्या त्यातल्या त्यात जवळ जातो. यकृताच्या विकारांच्या ओपीडीत तो मोठा येणारच, कारण यकृत बिघडले म्हणूनच लोक तिथे आलेले असतात. थॅलेसेमियाची मुले, हिमोफिलियाचे रुग्ण (या दोघांना वारंवार रक्त किंवा रक्तघटक घ्यावे लागतात) आणि आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस घेणारे रुग्ण यांच्यात तो सर्वसाधारण लोकांच्या कितीतरी पट असतो. गुप्तरोग आणि एच.आय.व्ही.च्या दवाखान्यांतही तो अधिक भरतो, मात्र तिथले मुख्य कारण बहुतेक ठिकाणी लैंगिक संबंध हे नसून त्याच रुग्णांपैकी काहींनी कधीतरी वाटून वापरलेली सुई हे असते. त्यामुळे ‘सरकारी दवाखान्यांत येणाऱ्यांत हिपॅटायटिस सी इतके टक्के’ असे वाक्य कुठेही वाचनात आले, तर कोणत्या विभागात, कोणाची, कोणत्या वर्षी आणि प्रतिपिंडांची की विषाणूची मोजणी झाली, हे विचारल्याशिवाय त्या आकड्यावरून काहीही ठरवू नये. आणि सरकारी रुग्णालयात अधिक रुग्ण सापडतात याचे एक साधे कारण असेही आहे की तिथे शोध घेतला जातो. खासगीत ज्यांची तपासणीच झाली नाही, त्यांचा हिशेब कोणत्याच टक्केवारीत येत नाही.

आपला पहिला प्रश्न, हे आले कुठून, हाच माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे, आणि त्याच्या उत्तरात इतिहास आहे. १९८९ पर्यंत या विषाणूला नावच नव्हते. रक्त घेतलेल्या रुग्णांना काही आठवड्यांनी यकृताचा दाह होतो, तो हिपॅटायटिस ए नाही आणि बीही नाही, एवढेच ठाऊक असल्याने त्याला ‘नॉन-ए, नॉन-बी’ म्हणत. त्या वर्षी विषाणूची जनुकीय ओळख पटली आणि तपासणी शक्य झाली. या शोधमालिकेसाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे दान केलेल्या रक्ताची हिपॅटायटिस सीसाठी तपासणी सक्तीची झाली ती २००१ मध्ये. १९९६ मध्ये आपल्या आईला ज्या बाटल्या चढवल्या, त्यांची एच.आय.व्ही. आणि हिपॅटायटिस बीसाठी तपासणी सक्तीची होती, सीसाठी नव्हती. शिवाय पैसे घेऊन रक्त देणाऱ्या व्यावसायिक दात्यांवर बंदी आली १ जानेवारी १९९८ पासून, तीही सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर. पैशासाठी वारंवार आणि अनेक ठिकाणी रक्त देणाऱ्यांत या विषाणूचे प्रमाण जास्त असे. थोडक्यात, २००१ पूर्वी ज्यांनी रक्त किंवा रक्तघटक घेतले आहेत, त्या प्रत्येकाने एकदा ही तपासणी करून घ्यावी, मग त्यांना काही त्रास असो वा नसो. बाळंतपणात, गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियेत किंवा अपघातानंतर रक्त घेतलेल्या पन्नाशी-साठीच्या स्त्रिया-पुरुषांची एक मोठी पिढी आपल्या गावागावांत आहे आणि तिच्यापैकी फार थोड्यांना कोणी हे सांगितले आहे.

तरीही रक्ताच्या त्या बाटल्यांवर शंभर टक्के बोट ठेवणे मला मान्य नाही, कारण त्याच काळातली दुसरी वाट बाटल्यांपेक्षा रुंद होती. ती म्हणजे सुई. ‘डॉक्टरांनी सुई दिली नाही म्हणजे नीट तपासलेच नाही’ ही समजूत आपल्या भागात आजही ऐकू येते. थकवा आला की सलाईन, ताप आला की इंजेक्शन, आणि तेही कमरेत दोन्ही बाजूंना. काचेची सिरिंज स्टोव्हवरच्या स्टीलच्या डब्यात उकळायची, ही पद्धत नीट पाळली तर सुरक्षित होती. पण बाजाराच्या दिवशी दारात साठ माणसे बसलेली असताना प्रत्येक इंजेक्शनानंतर वीस मिनिटे पाणी उकळत ठेवणे होत नसे. सुई बदलायची आणि सिरिंज तीच ठेवायची, किंवा दोन्ही गरम पाण्यात खळखळवून पुढच्या माणसाला टोचायची, असे प्रकार सर्रास चालत. हिपॅटायटिस सीचा विषाणू सिरिंजमध्ये उरलेल्या रक्ताच्या अंशात कित्येक आठवडे जिवंत राहू शकतो. २००४ च्या सुमारास झालेल्या देशव्यापी अभ्यासात भारतात वर्षाला सुमारे ३०० कोटी इंजेक्शने दिली जातात आणि त्यांतली जवळजवळ ६३ टक्के कोणत्या ना कोणत्या अर्थाने असुरक्षित आहेत, असे आढळले होते. जागतिक पातळीवर २००० या एका वर्षात सुमारे २० लाख लोकांना दूषित इंजेक्शनांमुळे हिपॅटायटिस सी झाला असावा, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांचा अंदाज होता.

उपचारातूनच रोग पसरल्याचे सर्वांत मोठे उदाहरण इजिप्तचे आहे. नाईल नदीच्या खोऱ्यातल्या शिस्टोसोमायसिस या कृमिरोगावर तिथे १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत सामूहिक मोहिमा काढून लोकांना शिरेतून औषध टोचले गेले, आणि त्या काचेच्या सिरिंजांतून एका पिढीला हिपॅटायटिस सी झाला. २००८ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या १४.७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. मोहीम चालवणाऱ्यांचा हेतू लोकांना वाचवण्याचाच होता. त्यांना ज्या विषाणूचे अस्तित्वच माहीत नव्हते, तो त्यांच्या हातून पसरला. आणि हे केवळ गरीब देशांत होते असे समजू नका. अमेरिकेतल्या लास व्हेगासमध्ये २००८ साली एंडोस्कोपीसाठी वापरल्या जाणाऱ्या भुलीच्या औषधाच्या बाटल्यांत वापरलेली सिरिंज पुन्हा घातली गेल्याचे उघड झाले आणि पन्नास हजारांहून अधिक रुग्णांना तपासणी करून घेण्यास कळवावे लागले.

इथे संशोधनातली एक अडचण सांगतो, कारण ‘जोखमीचे घटक’ या नावाने छापल्या जाणाऱ्या तक्त्यांमुळे वाचकांची दिशाभूल होते. रुग्णालयात लागण झालेले आणि न झालेले असे दोन गट घेऊन प्रत्येकाला काय काय झाले होते ते विचारतात, आणि ज्या गोष्टीत फरक दिसेल तिला जोखमीचा घटक म्हणतात. समजा एखाद्या गावातल्या प्रत्येक माणसाने आयुष्यात कधी ना कधी त्या एकाच दवाखान्यात इंजेक्शन घेतले आहे. मग आजारी असो वा निरोगी, ‘इंजेक्शन घेतले का’ या प्रश्नाला दोन्ही गटांचे उत्तर ‘हो’ असेच येईल. फरक शून्य दिसेल आणि खरे कारण तक्त्यातून गळून जाईल. याउलट शस्त्रक्रिया, रक्त, दातांचे उपचार, जत्रेतले गोंदण या गोष्टी थोड्याच लोकांनी केलेल्या असतात, त्यामुळे त्या तक्त्यात ठळक दिसतात. शिवाय ज्याला आजार कळला आहे तो आठवणींचा कोपरान् कोपरा शोधतो, निरोगी माणूस ‘काही नाही’ म्हणून उठून जातो. पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांत नशेच्या औषधांची इंजेक्शने हा सर्वांत मोठा घटक ठरतो आणि तिथे ते खरेही आहे. जगभरात नशेसाठी इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांच्या रक्तात ही प्रतिपिंडे आढळतात, आणि आपल्याकडे पंजाब व ईशान्येकडील काही राज्यांत ही वाट मोठी आहे. पण तीच यादी हातात घेऊन आपल्या तालुक्याच्या ओपीडीत ‘नशा करता का, अनेकांशी संबंध आहेत का’ असे विचारले, तर आपल्या आईसारखी स्त्री प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’ म्हणते, तपासणी टळते, किंवा तपासणी रिअ‍ॅक्टिव्ह आली की तिच्या चारित्र्यावर कुजबूज सुरू होते. हे अन्यायाचे आहे, आणि मी ते माझ्या डोळ्यांदेखत इतक्या वेळा घडताना पाहिले आहे की इथे शांत राहणे मला जमत नाही. आपल्या आईने काहीही चुकीचे केलेले नाही. त्या उपचार घ्यायला गेल्या, एवढेच त्यांच्या हातून घडले.

या कारणाने मला वाटते की प्रश्नावलीच्या आधारे माणसे निवडून तपासणी करण्याची पद्धत आपल्या सार्वजनिक दवाखान्यांत अपुरी आहे. अमेरिकेनेही आधी केवळ जोखमीवर आणि नंतर जन्मवर्षावर आधारित तपासणी करून पाहिली, आणि अखेर २०२० मध्ये प्रत्येक प्रौढाची आयुष्यात किमान एकदा तपासणी करावी अशी शिफारस केली. इजिप्तने २०१८ च्या ऑक्टोबरपासून सात महिन्यांत जवळजवळ पाच कोटी लोकांची तपासणी करून दाखवली. आपल्याकडे २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तेव्हा निदान चाळिशीपुढच्या, शासकीय रुग्णालयात कोणत्याही कारणाने रक्त काढले जाणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची ही चाचणी एकदा त्याच रक्तावर व्हावी, असे माझे मत आहे. मात्र वर केलेल्या हिशेबामुळे त्याला एक अट जोडतो: रिअ‍ॅक्टिव्ह आलेल्या प्रत्येकाची आर.एन.ए. चाचणी लगेच, शक्यतो त्याच नमुन्यावर, व्हायला हवी. क्षयरोगासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत पोचलेली जीन-एक्स्पर्ट आणि गोव्यात तयार होणारी ट्रूनॅट ही यंत्रे हिपॅटायटिस सीची आर.एन.ए. चाचणीही करू शकतात. लाल शेरा मारून रुग्णाला घरी पाठवायचे आणि खात्रीची तपासणी त्याच्यावर सोडायची, हा प्रकार तपासणी न करण्यापेक्षाही कधी कधी वाईट ठरतो.

डायलिसिस विभागांचा वेगळा उल्लेख करतो, कारण तिथे आज, या घडीला, लागण होऊ शकते. यंत्राला दोष देण्याची आणि ‘सी पॉझिटिव्ह’ रुग्णासाठी वेगळे यंत्र ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना वेगळ्या यंत्रापेक्षा हातांच्या शिस्तीवर भर देतात: प्रत्येक रुग्णामागे नवे हातमोजे, हेपॅरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) बाटली एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर न नेणे, रक्ताचे डाग लगेच आणि नीट पुसणे. आपल्या ओळखीत कोणी डायलिसिसवर असेल तर त्यांची ही तपासणी दर सहा महिन्यांनी होते का, एवढे विचारून ठेवा.

आता घरातल्या तपासण्यांविषयी. आधी आईची आर.एन.ए. चाचणी होऊ द्या. विषाणू सापडला नाही तर कोणालाही धावपळ करण्याची आवश्यकता नाही. सापडला तर आपण भावंडांनी आणि वडिलांनी एकदा तपासणी करावी, पण भीतीने नव्हे. आईकडून बाळाला जन्माच्या वेळी हा विषाणू जाण्याची शक्यता सुमारे ५ ते ६ टक्के असते. आपण लिहिता की आपण सर्व भावंडे १९९६ पूर्वी जन्मलात. लागण त्या बाटल्यांतून झाली असेल, तर आपल्या जन्माच्या वेळी आईच्या रक्तात विषाणू नव्हताच. पण लागण आधीच्या एखाद्या बाळंतपणातल्या इंजेक्शनातून झालेली असू शकते, शिवाय गावातल्या ज्या दवाखान्यात आई जात होत्या तिथेच आपणही लहानपणी सुया टोचून घेतल्या असणार, म्हणून एकदा पाहून घेणे योग्य. पती-पत्नींत लैंगिक संबंधांतून हा विषाणू जाणे अगदी क्वचित घडते. कॅलिफोर्नियात एकनिष्ठ अशा ५०० जोडप्यांच्या अभ्यासात ही जोखीम वर्षाला जास्तीत जास्त ०.०७ टक्के निघाली. उपचार पूर्ण होईपर्यंत दाढीचे ब्लेड, नखे कापण्याचे साधन, दात घासण्याचा ब्रश आणि साखर तपासण्याची टोचणी वेगळी ठेवावी, जखम झाकावी. मिठी, एकत्र जेवण, एकच न्हाणीघर, नातवंडांना मांडीवर घेणे, यांपैकी काहीही बंद करू नये. यावर लस उपलब्ध नाही. हिपॅटायटिस बीची आहे, आणि आईंना बीची लागण नसेल तर ती लस त्यांना द्यावी.

कावीळ कधी झाली नाही, मग हा आजार कसा, असे आपण विचारले आहे. यातच त्याचा धोका आहे. बहुसंख्य लोकांना लागणीच्या वेळी काहीही जाणवत नाही. ज्यांच्यात तो टिकून राहतो त्यांच्यापैकी सुमारे १५ ते ३० टक्के लोकांत वीस वर्षांच्या काळात यकृत कडक होत जाऊन सिर्‍होसिस होतो, आणि पोटात पाणी झाले किंवा रक्ताची उलटी झाली की मग तपासणी होते. आपल्या आईंना लागण १९९६ च्या आसपास झाली असेल तर तो काळ केव्हाच उलटून गेला आहे. मोतीबिंदूच्या निमित्ताने हे वेळेत कळले, असे मी म्हणेन. काविळीवर म्हणून गावोगाव दिली जाणारी पाल्याची औषधे, गळ्यात घालायच्या माळा, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ ‘उतरवणे’ यांत कृपया वेळ दवडू नका. पाण्यातून होणारी साधी कावीळ बहुधा आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. हिपॅटायटिस सी मात्र आपोआप बरा व्हायचा तो पहिल्या सहा महिन्यांतच होतो. शिवाय पोटात घ्यायच्या काही अनोळखी औषधांनी आधीच दुखावलेले यकृत निकामी झालेले मी पाहिले आहे.

उपचार हा या आजारातला खरोखर दिलासा देणारा भाग आहे. पूर्वी वर्षभर इंटरफेरॉनची इंजेक्शने घ्यावी लागत, अंगात ताप भरे, मन खचे आणि तरीही कित्येकांचा आजार जात नसे. २०१३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत सोफोस्बुव्हिर या विषाणूवर थेट काम करणाऱ्या औषधाला परवानगी मिळाली तेव्हा बारा आठवड्यांच्या गोळ्यांची किंमत ८४,००० डॉलर होती. पुढच्याच वर्षी भारतीय कंपन्यांना ते औषध बनवण्याचे परवाने मिळाले, आणि तेच उपचार काही हजार रुपयांत शक्य झाले. पंजाब सरकारने जून २०१६ पासून जिल्हा रुग्णालये आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालये यांमधून हे औषध मोफत दिले. तिथल्या ४८ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींनुसार सुमारे ९१.६ टक्के लोक बरे झाले, आणि हे मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांकडे न जाता साध्या जिल्हा रुग्णालयांत घडले. राष्ट्रीय कार्यक्रम त्यानंतर दोन वर्षांनी सुरू झाला.

आपल्या आईंच्या बाबतीत आधी सिर्‍होसिस आहे की नाही हे ठरवले जाईल. त्यासाठी यकृतातून सुई घालून तुकडा काढण्याची गरज आता सहसा पडत नाही. प्लेटलेट, यकृताची एन्झाइम्स, पोटाची सोनोग्राफी आणि साध्या सूत्रांवरून अंदाज येतो. सिर्‍होसिस नसेल तर सोफोस्बुव्हिर आणि डॅक्लाटास्व्हिर या गोळ्या रोज एकदा, बारा आठवडे. असेल तर डॅक्लाटास्व्हिरच्या जागी वेल्पाटास्व्हिर, आणि पोटात पाणी झाले असेल तर त्यासोबत रिबाव्हिरिन हे आणखी एक औषध किंवा २४ आठवड्यांचा कालावधी. सुरू करण्यापूर्वी हिपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे, कारण सी गेल्यावर दबलेला बी उसळू शकतो. त्या हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरॉन, क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन किंवा फिटची औषधे घेत असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, या औषधांशी गोळ्यांचे जमत नाही. मधुमेह असेल तर विषाणू जाऊ लागल्यावर साखर अनपेक्षितपणे खाली येऊ शकते, म्हणून पहिल्या महिन्यात ती अधिक वेळा पाहावी. गोळी एकही दिवस चुकवू नये, आणि बरे वाटते आहे म्हणून मध्येच बंद करू नये.

गोळ्या संपल्यानंतर बारा आठवडे थांबून आर.एन.ए. चाचणी पुन्हा करतात. तेव्हा विषाणू सापडला नाही तर आजार बरा झाला. प्रतिपिंडांची चाचणी मात्र त्यानंतरही रिअ‍ॅक्टिव्हच येत राहील, आणि पुढच्या प्रत्येक शस्त्रक्रियेच्या वेळी कोणीतरी पुन्हा लाल शेरा मारेल, म्हणून आर.एन.ए.चा तो शेवटचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आधार कार्डाबरोबर जपून ठेवायला सांगतो. सिर्‍होसिस आधीच झालेला असेल तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहावे, कारण यकृताच्या कर्करोगाची जोखीम कमी होते, संपत नाही.

शेवटचा मुद्दा मोतीबिंदूचा. रुग्णाला हिपॅटायटिस सी आहे म्हणून शस्त्रक्रिया नाकारण्यास वैद्यकीय आधार नाही. प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्य आहे असे धरूनच शस्त्रक्रियागृहात काम करायचे असते, आणि ती शिस्त पाळली जात असेल तर रिअ‍ॅक्टिव्ह आणि नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह रुग्णांसाठी वेगळी काळजी लागत नाही. यकृत फार बिघडलेले असेल, प्लेटलेट खूपच कमी असतील तर भूलतज्ज्ञ थोडे थांबायला सांगतील, अन्यथा उपचार आणि शस्त्रक्रिया दोन्ही आपापल्या गतीने चालू शकतात. येत्या आठवड्यात जिल्हा रुग्णालयातल्या किंवा जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या हिपॅटायटिस उपचार केंद्रात आईंना घेऊन जा. रिअ‍ॅक्टिव्ह आलेला कागद, १९९६ च्या शस्त्रक्रियेचे असतील ते जुने कागद, चालू औषधांच्या पट्ट्या आणि ओळखपत्र बरोबर न्या, आर.एन.ए.साठी रक्त द्या. त्याच दिवशी नेत्रविभागात जाऊन शस्त्रक्रियेची नवी तारीख मागा. ती दिली नाही तर कारण केस पेपरवर लिहून द्यायला सांगा आणि तो कागद घेऊन वैद्यकीय अधीक्षकांना भेटा.